पहिली खुकरी घेताना

पहिली खुकरी साधी घ्या. दहा-साडेदहा इंचांचं पातं, लाकडी मूठ, चामड्याचं म्यान, पलटणीत वापरतात तशी घडण आणि पात्यावर नक्षी नाही. माझा सल्ला एवढाच आहे. पण दुकानात गेल्यावर समोर भिंतभर पाती चमकत असतात, दुकानदार एकेक म्यानातून काढून दाखवत असतो, आणि 'साधी' म्हणजे नेमकी कोणती हे तिथे कळत नाही. त्यासाठी हे लिहितोय.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती विभागात, आर्मरर होतो. नोकरीतली बरीच वर्षं अकराव्या गोरखा रायफल्सच्या एका पलटणीबरोबर गेली. या रेजिमेंटमध्ये मुख्यतः पूर्व नेपाळचे राई आणि लिंबू जवान असतात. हत्यारांची दुरुस्ती हे माझं काम. सैल झालेली मूठ, दात पडलेली धार, उसवलेलं म्यान घेऊन जवान माझ्याकडे यायचे, 'दाजू (म्हणजे दादा), हे जरा बघा' म्हणायचे. निवृत्तीनंतर पाटण तालुक्यात गावी असतो. बांधावरची घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, सरपण, कुंपणाच्या मेखा या सगळ्याला खुकरीच वापरतो. गावातली आणि पुण्याची तरुण मुलं बघतात आणि विचारतात, आम्ही कोणती घेऊ?

आधी काम ठरवा. ऊस तोडायचा असेल तर कोयता घ्या. माडावर चढायचं असेल तर कमरेला कोयतीच बरी. ही हत्यारं त्या कामासाठीच घडलेली आहेत आणि खुकरी त्यांची जागा घेणार नाही. खुकरीचं काम वेगळं. मनगटाएवढ्या फांद्या तोडणं, लाकूड फोडून ढलप्या काढणं, बांबू तासणं, खुंटीला टोक करणं, वेळ पडली तर भाजी-मटण कापणं. पूर्व नेपाळच्या डोंगरातल्या घरात ती दिवसभर याच कामात असते. म्यानातून काढली की रक्त दाखवल्याशिवाय परत ठेवायची नाही, ही गोष्ट पर्यटकांना सांगायची. मी ज्यांच्याबरोबर राहिलो ते दिवसातून दहा वेळा खुकरी काढून कांदा चिरायचे.

आकारांची नावं ऐकून गोंधळू नका. सिरुपाते म्हणजे सडपातळ, हलकी, गवताच्या पात्यासारखी. झुडपं आणि बारीक फांद्यांवर ती छान चालते, जाड लाकडावर कमी पडते. भोजपुरे म्हणजे पोटाला, म्हणजे पात्याच्या फुगीर भागाला, रुंद आणि वजनदार. लाकडावर ती उत्तम, पण नवख्या मनगटाला लवकर थकवते. कोठीमोरा म्हणजे चांदीच्या कामाचं म्यान असलेली, मानाने द्यायची. पलटणीतली या सगळ्यांच्या मधली. वजन साधारण अर्धा किलो, पोट बेताचं, वाक बेताचा. शिकायला हीच बरी, कारण ती सगळी कामं थोडीथोडी करते आणि तुम्हाला पुढे काय हवं आहे ते तिच्यावरच कळतं.

लांबीचा मोह फार होतो. चौदा-पंधरा इंचांचं पातं हातात घेतलं की बरं वाटतं. पण खुकरीचं वजन पुढे असतं. एक इंच वाढला की ते वजन मनगटापासून आणखी लांब जातं, आणि अर्ध्या तासाने दमलेल्या हाताचा घाव लाकूड सोडून नडगीकडे वळतो. दुकानात खुकरी हात लांब करून, पातं आडवं धरून थोडा वेळ तशीच ठेवा. मनगट थरथरायला लागलं तर एक नंबर लहान बघा. मग मुठीजवळच्या धातूच्या कड्यापुढे, पात्याखाली एक बोट आडवं धरून तोल बघा. कड्यापासून दोन-तीन इंच पुढे तोलली तर ठीक. पार वाकापाशी तोलली तर ती खुकरी कुऱ्हाडीसारखी वागेल.

आता पोलाद. किंमत ठरते ती इथे, आणि फसवणूकही इथेच होते. चांगली खुकरी बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्यांतून घडते. त्या पोलादात कार्बन भरपूर असतो आणि ते धक्के खायलाच बनवलेलं असतं. पूर्व नेपाळात धरानकडच्या एका आफरात, म्हणजे लोहाराच्या भट्टीवर, मी हे काम शेवटपर्यंत बसून पाहिलं आहे. पाट्याचा तुकडा कोळशात लाल होतो, दोघे समोरासमोर उभे राहून घण मारतात, पातं कानशीखाली येतं. मग शेवटचं काम, ज्यात सगळं कमावलं किंवा गमावलं जातं. तापलेलं पातं बाहेर काढून कारागीर किटलीच्या तोटीतून बारीक धारेनं पाणी सोडतो, तेही फक्त धारेच्या कडेवर, पोटापाशी जास्त. कड झटकन थंड होऊन कडक होते. पाठ तापलेलीच असते, तिची ऊब हळूहळू धारेकडे उतरते आणि धारेचा ठिसूळपणा कमी करते. धार कडक आणि पाठ चिवट, असं एकाच पात्यात दोन स्वभावांचं पोलाद तयार होतं. म्हणून चांगली खुकरी दगडावर आपटली तर धारेला दात पडेल, पण पातं दोन तुकडे होऊन उडणार नाही. हे सगळं तो माणूस रंग बघून करतो. त्याच्याकडे तापमापक नसतो.

हे काम करणारे कामी, म्हणजे विश्वकर्मा आडनावाचे लोक. नेपाळात जातिभेद 1963 सालच्या कायद्याने बंद झाला, पण पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हातचं हत्यार चालायचं आणि हातचं पाणी चालायचं नाही. भाव करताना हे माझ्या मनात असतं. कारागिराकडून थेट घेत असाल तर घासाघीस करू नका.

धारेला पाणी नीट दिलंय की नाही, हे बघायला एक बारीक कानस खिशात असू द्या. दुकानदाराला विचारून धारेवर, पोटाच्या भागात, ती अगदी हलकी फिरवा. कानस घसरली, काचेवरून गेल्यासारखी, तर पाणी चांगलं आहे. कानस चावून पोलाद खायला लागली तर ते पातं मऊ आहे, ठेवून द्या. मग तीच कानस पाठीवर फिरवा. तिथे ती चावलीच पाहिजे. पाठही धारेइतकीच कडक लागली तर पात्याला एकसारखं पाणी दिलंय, आणि ते मोठ्या घावाखाली तुटू शकतं. टोक आणि मुठीजवळची धार पोटापेक्षा थोडी मऊ असते, तो दोष नाही. पूर्वेकडच्या दुकानात 'पाइन कस्तो छ?', म्हणजे पाणी कसं दिलंय, एवढं विचारलंत तरी दुकानदार समजतो की हा माणूस भिंतीवर टांगायला आलेला नाही.

कानस लावू देत नसतील तर डोळ्यांनी जेवढं बघता येतं तेवढं बघा. पातं डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून पाठीवरून नजर टाका. पातं डावी-उजवीकडे पिळलेलं नको. धार वर करून उजेडात धरा. चांगली धार दिसत नाही, बोथट जागा पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. मुठीजवळ धारेत जी खाच असते, तिला काउडी म्हणतात. तिच्याबद्दल त्रिशूळापासून गाईच्या खुरापर्यंत अनेक गोष्टी ऐकवतील. त्या ऐका, आणि बघा एवढंच की खाचेच्या तळाशी कोपरे तीक्ष्ण नाहीत आणि केसासारखी भेग नाही. पोलाद तडकतं ते अशाच कोपऱ्यातून, आणि खुकरीत ती जागा मुठीला लागून असते.

क्रोमचा आरशासारखा मुलामा, पात्यावर कोरलेला देव किंवा डोंगर, मुठीच्या शेवटी पितळी सिंहाचं तोंड, हे सगळं शोभेचं. अशा पात्याला बहुतेक वेळा पाणीच दिलेलं नसतं. काठमांडूच्या थामेलमध्ये आणि दार्जिलिंगच्या मॉल रोडला यांचा ढीग असतो. भेट द्यायला घ्या, लाकडावर मारू नका.

मुठीवर वेळ घालवा. नेपाळी मूठ आखूड असते, आणि मधे एक उंच कडं असतं. ते कडं मधलं बोट आणि अनामिका यांच्यात बसायला हवं. माझ्यासारख्या रुंद पंजाच्या माणसाचं करंगळीचं बोट शेवटच्या फुगीर भागावर चढतं, आणि मग प्रत्येक घावाला तिथे फोड येतो. अशा हाताला थोडी लांब मूठ मागा. कारागीर तशी करून देतात. लाकूड की शिंग? आपल्याकडे लाकूडच. म्हशीचं शिंग चकचकीत आणि देखणं असतं, पण सातारा-पुण्याचा कोरडा उन्हाळा आणि मग कोयना खोऱ्यातला पाऊस यात ते आकसतं, फुगतं, शेवटी चिरतं. शिवाय त्याला किडा लागतो. शिसवी किंवा सिसूची मूठ असलेली खुकरी घ्या आणि पहिल्या महिन्यात जवसाचं तेल दोन-तीनदा चोळा.

मुठीच्या आत काय आहे हे विचारा. दोन रचना आहेत. पहिलीत पात्याची बारीक होत गेलेली शेपूट मुठीतून आरपार जाते आणि मागे धातूच्या टोपीवर ठोकून बसवलेली असते. आतली पोकळी लाहा नावाच्या राळेने भरतात. दुसरीला पानावल म्हणतात. तिच्यात पातं मुठीच्या पूर्ण रुंदीचं मागपर्यंत येतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिबिटांनी बसवतात. पानावल मजबूत, हे खरं. पण फळी आणि पोलाद यांच्यामधे पावसाळ्यात पाणी शिरतं, गंज आतून खातो आणि बाहेरून दिसत नाही. शिवाय वजन मागे येतं आणि घावातला जोर कमी होतो. माझं मत आरपार शेपटीच्या बाजूने आहे, कारण ती सैल झाली तर लगेच जाणवते आणि दुरुस्तही होते. जी घ्याल तिची परीक्षा एकच. मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीवर थाप मारा. मुठीत किरकिर, झिणझिण जाणवली तर आत काहीतरी सुटलंय. टोपीमागे ठोकलेलं टोक दिसतंय का तेही बघा. नुसती टोपी चिकटवलेली असेल तर शेपूट आत कुठेतरी संपते.

म्यानाला लोक शेवटी बघतात. मी त्याला पात्याइतकंच महत्त्व देतो, कारण खुकरीने होणाऱ्या जखमा बऱ्याचदा काढताना-ठेवताना होतात. आत दोन लाकडी फाका, वर चामडं, आणि धारेच्या बाजूने शिवण. धार वर्षानुवर्षं त्या शिवणीवर घासते आणि एक दिवस बाहेर येते. तिथे तुमची बोटं वेढलेली असतील तर चामडं आणि बोट एकदमच कापलं जातं. म्हणून म्यान धरायचं ते पाठीच्या बाजूने, तळव्यात. बोटं धारेच्या कडेवरून पलीकडे जाऊ द्यायची नाहीत. पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून, वाकाच्या वळणाने बाहेर काढायची. दुकानातच हे हळू करून बघा. बंद म्यान उलटं धरलं तर खुकरी आपोआप पडता कामा नये, आणि काढताना दोन हातांची ओढाताणही नको.

म्यानाच्या मागे दोन छोटी पाती असतात. कर्द लहान कामांची सुरी, चकमक बोथट, धार बसवायला. ती चांगली असली तर आनंद, नसली तर अडत नाही.

घ्यायची कुठे? जमलं तर धरान. न्यू जलपायगुडीला उतरा, सिलिगुडीहून पानीटंकीची सीमा ओलांडून काकडभिट्टा, तिथून इटहरीवरून धरान, आणि हौस असेल तर पुढे डोंगरात भोजपूर. भाव ऐकल्यावर आधी विचारा, नेपाळी की आयसी? आयसी म्हणजे आपले रुपये. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे, त्यामुळे हा प्रश्न विसरलात तर हिशेब बराच चुकतो. तेवढं जमणार नसेल तर डेहराडून, कालिम्पाँग, दार्जिलिंग इथेही कामाच्या खुकऱ्या मिळतात. नेपाळातून कुरिअरने मागवलेलं पातं कस्टममध्ये अडकू शकतं. विमानाने येताना ती चेक-इन सामानातच, धारेला पुठ्ठा आणि कापड गुंडाळून ठेवा. पावती जवळ असू द्या.

कायदा नीट समजून घ्या. शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात खुकरीचं नाव लिहिलेलं आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं त्यात येतं. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, आणि परवाना लागतो तो सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात. पण महाराष्ट्रात पोलीस वेळोवेळी जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचे आदेश काढतात. अशा वेळी कमरेला खुकरी लावून बाजारात गेलात तर शेतीचं कारण पुरत नाही. म्हणून घ्यायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा. शेतावर न्यायची तर पिशवीत, बांधून न्या. वाढदिवसाचा केक तिने कापून फोटो टाकू नका, त्यावरून गुन्हे दाखल होतात. आणि ट्रेकवर नेणाऱ्यांसाठी: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू-सुरेही येतात. वासोट्याला जायचं तर कोयना अभयारण्यातून जावं लागतं. तिथे खुकरी घरी ठेवूनच जा.

आणल्यावर लगेच बाभळीवर किंवा वाळक्या बांबूच्या पेऱ्यावर मारू नका. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची मऊ फांदी ओंडक्यावर आडवी ठेवा, गुडघा टेकवून बसा. घाव चुकला तर तो ओंडक्यात किंवा मातीत जायला हवा, पायात नव्हे. हाताच्या आणि पात्याच्या दुप्पट अंतरात कुणी नको, लहान मूल तर अंगणातच नको. फांदीवर सरळ न मारता तिरकं मारा. पोटाचा भाग लाकडाला लागला पाहिजे, टोक नाही. जोर तुम्ही लावायचा नाही, पात्याचं वजन पडू द्यायचं. अडकली तर पिळून काढू नका, ज्या वाटेने गेली त्याच वाटेने पाठीवर हात ठेवून वर उचला. दमलात की थांबा.

धार गेली तर रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक सहाणेवर कधीही देऊ नका. ठिणग्या उडतात, धारेवर निळी-जांभळी झाक येते, आणि त्या किटलीच्या धारेने दिलेलं पाणी एका मिनिटात उतरतं. ते परत आणणं आफराशिवाय शक्य नाही. घरी करा. खुकरीची धार सपाट नसते, दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर असते, त्यामुळे सपाट दगडापेक्षा जुन्या चामड्याच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून काम चांगलं होतं. 400 नंबरने सुरुवात, मग 600, शेवटी 1000. पातं पाठीच्या दिशेने ओढा, धारेच्या दिशेने ढकलू नका, नाहीतर कागद कापला जाईल. कामाच्या मधे नुसती धार वळली असेल तर चकमक पुरते.

तेल शिलाई मशीनचं लावा. तिकडे मोहरीचं लावतात, पण ते वाळून चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात म्यान आणि पातं वेगवेगळं ठेवा, कारण चामडं ओल धरतं. पातं पुसून, तेल लावून, सुती कापडात गुंडाळून कुलुपाच्या कपाटात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका, मुठीतली राळ मऊ होते.

तरीही मूठ सैल झालीच तर आधी मागच्या टोपीवर ठोकलेलं टोक लहान गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोकून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच घट्ट बसते. नाही बसली तर मूठ काढून आतली जुनी राळ खरवडा आणि दोन डब्यांचं एपॉक्सी भरून परत बसवा, एक दिवस हलवू नका. हे गावातल्या लोहाराकडून करून घेणार असाल तर त्याच्याजवळ उभे राहा. शेपूट तापवून मूठ सोडवायची त्याची सवय असते. पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळायला सांगा, ते वाळलं की परत भिजवा, आणि पातं भट्टीत जाऊ देऊ नका.